भरतनाट्यमचा इतिहास नेटवरून शिकावा का?

कावेरीकाठ:
लेक भरतनाट्यमच्या विशारद परीक्षेची तयारी करतेय. थिअरीसाठी यूट्यूबवर इतिहासाचे व्हिडिओ पाहिले. जवळपास सगळ्यांचा साचा एकच: नाट्यशास्त्र, देवळांतली शिल्पं, की थेट नर्तकी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचं १९३५ चं सादरीकरण. मधल्या तंजावरचा पत्ताच नाही! तिथले मराठा राजे सरफोजी यांच्या दरबारी असलेल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम, वडिवेलू या चार भावांनी अलारिप्पू (सुरुवातीचा नाच) ते तिल्लाना (शेवटचा) हा कार्यक्रमाचा क्रम बसवला. खुद्द राजांनी नृत्यासाठी मराठीत रचना केल्या. हे मराठी मुलांनाही कळू नये? इतिहासासाठी गुरू आणि पुस्तकंच बरी.

तिस्रगती:
गुरू, पण कोणाचे? आमच्या क्लासात देवदासींचा विषय निघाला की बाई पुढच्या धड्यावर जायच्या. ज्या घराण्यांनी हा नाच टिकवला, त्यांच्यावर देवदासी प्रथा बंद करणाऱ्या १९४७ च्या मद्रास कायद्याने काय वेळ आली हे मला नेटवरच्या लेखांतून कळलं. शिवाय नाच वाचून काय समजणार, तो पाहायला हवा. देवदासी घराण्यातल्या नर्तकी बालासरस्वती यांच्यावरचा सत्यजित राय यांचा माहितीपट 'बाला' (१९७६) बघा. अमेरिकेतल्या जेकब्स पिलो महोत्सवाच्या साइटवर १९३० च्या दशकापासूनच्या चित्रफिती आहेत, त्याही फुकट.

पेणकर:
'बाला'मध्ये त्या पन्नाशीच्या उत्तरार्धात आहेत, आणि नाचतायत समुद्रकिनारी, भर वाऱ्यात. मोठा ठेवा आहे, वाद नाही. पण तेवढ्यावरून त्यांची ऐन उमेदीतली मैफल कशी कळणार? कॅमेऱ्यावर भिस्त ठेवली तर इतिहास कॅमेऱ्यापासूनच सुरू होतो. तंजावर दरबारचे कागद मोडीत आहेत, ते यूट्यूबवर कोण वाचून दाखवणार?

तिस्रगती:
मोडी तुमच्या गुरूंना तरी येते का? 🙂

पेणकर:
नाही येत. म्हणून तर तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने छापलेली पुस्तकं मागवायची.

झंपताल:
तुम्ही दोघं पुरावा आणि शिकवणी यांची गल्लत करताय. व्हिडिओ कोणी, कधी, कुठे चित्रित केला हे दिलं असेल तर तो पुरावा. निवेदकाने पार्श्वसंगीतावर 'दोन हजार वर्षांची अखंड परंपरा' म्हटलं, तर ती जाहिरात. रुक्मिणीदेवी आणि बालासरस्वती यांचे गुरू, मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै आणि कंदप्पा पिळ्ळै, दोघेही त्याच चार भावांच्या वंशातले. एवढं एक सूत्र धरून शोधलं तरी नेटवर पुष्कळ हाती लागतं.

कावेरीकाठ:
शोधायचं कसं हे पंधरा वर्षांच्या मुलीला आधी कोणीतरी शिकवायला हवं ना? म्हणून गुरूच म्हणतेय. आणि तिने पेपरात हे सगळं लिहिलं तर परीक्षकांना चालेल?

पेणकर:
खुशाल लिहू द्या. चार भावांची नावं मात्र पाठ करून घ्या.