चर्चा धागा: एनडीआरएफला कायमची भरती हवी, की तोच पैसा तालुक्यांकडे जावा?

मावळवासी (धागाकर्ता): आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ साली झाला आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल (एनडीआरएफ) उभे राहिले. आज त्याच्या १६ बटालियन आहेत. त्यांपैकी पाचवी आपल्या तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. या दलातले जवान सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल अशा दलांमधून प्रतिनियुक्तीवर येतात आणि मुदत संपली की परत जातात. ढिगाऱ्याखालची क्षीण हालचाल टिपणे, स्लॅब कापताना वरचा भार कुठे येईल हे आधी ओळखणे, ही जाण वर्षानुवर्षांच्या सरावाने येते आणि ती अंगात मुरते न मुरते तोच माणूस बदलून जातो. म्हणून केंद्राने या दलासाठी स्वतंत्र, कायमची भरती करावी, असे माझे ठाम मत आहे.

आंबेगावकर: आपल्या मताबद्दल आदर ठेवूनही मी असहमत आहे. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव सकाळी डोंगराखाली गेले आणि १५१ माणसे दगावली. ही बातमी बाहेर आली ती एसटीच्या एका चालकामुळे, कारण नेहमीच्या जागी त्याला गावच दिसले नाही. बटालियन आपल्याच पुणे जिल्ह्यात होती. तिला वर्दी मात्र गावातून गेली नाही. २२ जुलै २०२१ ला महाडजवळच्या तळिये गावावर दरड दुपारी कोसळली, पण पुराने रस्ते अडल्यामुळे बचाव पथके पोचायला दुसरा दिवस उजाडला. त्या मधल्या तासांत माणूस वाचलाच तर तो शेजाऱ्याच्या हातून वाचतो. दिल्लीतून आणखी भरती करण्याऐवजी दरडीच्या छायेतल्या प्रत्येक वाडीत वायरलेस संच, दोर, स्ट्रेचर आणि ते वापरता येणारी दहा माणसे तयार ठेवणे मला अधिक गरजेचे वाटते.

घाटमाथा: इर्शाळवाडीत, जुलै २०२३ मध्ये दरड कोसळली तेव्हा, शेजारच्या गावांतली माणसे आणि डोंगर भटकणारी मंडळी धावून गेलीच होती. पण यंत्रे वर चढत नव्हती, हेलिकॉप्टर हवामानामुळे उतरत नव्हते, आणि भर पावसात कुदळ-फावड्याने दिवसचे दिवस उपसण्याचे काम शिकलेल्या दलाखेरीज कोण करणार? तरीही २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ताच राहिले.

आंबेगावकर: त्या ५७ जणांसाठी कोणतेही दल, कितीही कुशल असले तरी, उशिराच पोचले असते, हेच तर माझे म्हणणे आहे.

शिवाजीनगर: दोन्ही बाजूंनी ओडिशाकडे पाहावे, अशी विनंती. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ च्या फायलिन चक्रीवादळात हा आकडा काही डझनांवर आला. मधल्या काळात राज्याने स्वतःचे आपत्ती प्राधिकरण उभारले, किनाऱ्यावर निवारे बांधले आणि हवामान खात्याचा इशारा गावातल्या शेवटच्या घरापर्यंत नेण्याची माणसे तयार केली. इशारा केंद्राचा होता, पण घरे रिकामी केली ती स्थानिकांनी. आपल्या पुण्यात, म्हणजे ज्या शहरात हवामान खात्याचे मोठे कार्यालय आहे तिथे, २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत पाणी घरात शिरले तेव्हा अनेक रहिवासी झोपेत होते. ही त्रुटी बटालियनने भरून निघणारी नाही. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीतले ८० टक्के प्रतिसादासाठी आणि अवघे २० टक्के धोका आधीच कमी करण्यासाठी ठेवले. खरा वाद या प्रमाणावर व्हायला हवा.

मावळवासी: प्रमाण बदलायला माझी हरकत नाही, वाडीतल्या दहा जणांनाही मी नाकारत नाही. पण त्यांना शिकवणार कोण? आज गावोगावी प्रात्यक्षिके घेण्यासाठी एनडीआरएफचेच जवान येतात, आणि शिकवणारा दर काही वर्षांनी बदलला तर त्याला आपला घाट, आपली माती, आपले ओढे कळायच्या आतच तो निघून गेलेला असतो.

आंबेगावकर: मग ती कायमची भरती राज्याच्या दलात करा, इथल्याच तालुक्यांतून करा आणि पगाराचा भार केंद्राने उचलावा. एवढे मान्य असेल तर माझा विरोध उरत नाही.