दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. मुलगी बरी आहे, तरी चालूच ठेवायचं?

दिघ्याची_वैशाली
मुलगी ११ वर्षांची. गणपतीच्या सुमारास घसा दुखून थांबला. दोन-तीन आठवड्यांनी ताप आला, गुडघा सुजला. तो उतरतोय तोवर घोटा धरला. इथल्या एका डॉक्टरांनी 'वाढीचं वय' म्हणून दुखण्याच्या गोळ्या दिल्या. शेवटी ठाण्याला टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केली, तर हा रुमॅटिक ताप निघाला, आणि हृदयाची मायट्रल झडप थोडी गळतेय. आता दर २१ दिवसांनी १२ लाख युनिटचं पेनिसिलिन, तेही वयाच्या पंचविशीपर्यंत! पोर दोरीच्या उड्या मारते, पण इंजेक्शनच्या आदल्या रात्री जेवत नाही. सासूबाई म्हणतात, "चांगली आहे ना, मग कशाला भोसकता?" यावर खरंच काही अभ्यास झालाय, की जुनी पद्धत म्हणून चाललंय?

कळव्याची_सिस्टर
वैशालीताई, हे इंजेक्शन टोचण्यातच माझी सगळी नोकरी गेली, म्हणून आधी सासूबाईंना उत्तर. हे आजच्या दुखण्याचं औषध नाही. घशात तो स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू पुन्हा शिरला की त्याच्याशी लढताना शरीर स्वतःच्या झडपेवरही उलटतं. दर झटक्याला झडप आणखी खराब होते, आणि झटका बारीक असला तर घरात कुणाला पत्ताही लागत नाही.

ज्यांना रुमॅटिक ताप येऊन गेलाय त्यांना इंजेक्शन द्यायचं, हे १९५०-६० च्या दशकांतच ठरलं. अलीकडचा वाद वेगळ्या मुलांबद्दल होता. ताप आल्याचं कुणालाच आठवत नाही, पण तपासणीत इको केल्यावर झडपेत सुरुवातीचा बदल सापडतो, अशी मुलं. युगांडात अशा ८१८ मुलांवर अभ्यास झाला, २०२२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. दोन वर्षांत इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ०.८ टक्के मुलांचा आजार वाढला, न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्के. म्हणजे न घेणाऱ्यांतही बहुतेकांचं वाढलं नाही, हे कुणीतरी तुम्हाला ऐकवेलच. पण तुमच्या लेकीला ताप आला, सांधे धरले, झडप गळतेय. ती त्या गटातली नाहीच.

दुखण्याचं म्हणाल तर औषध दुधासारखं घट्ट असतं, बारीक सुईत अडकतं. भरलेली सिरिंज तळहातात धरून थोडी कोमट करायची आणि दोन-तीन मिनिटं लावून सावकाश सोडायचं. घाईत दाबलं की पोर आठवडाभर लंगडते. न्यूझीलंडमध्ये त्यात लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध मिसळून देतात. तुमच्या डॉक्टरांना विचारून बघा.

कोपरखैरणेकर
मी ४४ चा. लहानपणी गावी इंजेक्शनं मध्येच बंद पडली. पुढे मायट्रल आखडली, फुग्याने उघडून घेतली. आता नाडी बेताल, म्हणून एसिट्रॉम (रक्त पातळ ठेवायची गोळी) आणि दर महिन्याला आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याची तपासणी). या कटकटीतून सुटायला नवी गोळी मागितली, तर डॉक्टरांनी इन्व्हिक्टस अभ्यास सांगितला. २४ देश, साडेचार हजारांवर रुग्ण. आमच्यासारख्यांत रिव्हरॉक्साबॅन या नव्या गोळीपेक्षा जुन्याच गोळीवर मृत्यू कमी झाले. तेव्हा जुनीच गोळी चालू, आणि पालेभाजीने तिचा असर कमी होतो म्हणून मेथी मोजूनमापून खातोय!

दिघ्याची_वैशाली
सिस्टर, सासूबाईंना वाचून दाखवलं. पुढची तारीख नेमकी गणिताच्या पेपरला येतेय. नंतर घेतलं तर?

कळव्याची_सिस्टर
नंतर नको. दोन दिवस आधी घ्या, चालतं. आणि दाताच्या डॉक्टरकडे गेलात तर झडपेचं आधी सांगा.