सिग्नेटीने इंडियानाचं ‘कल्चर’ बदललं, की नुसती माणसं बदलली?

ब्लूमिंग्टनकर

19 जानेवारी 2026 च्या रात्री इंडियाना युनिव्हर्सिटीने मायामीला त्यांच्याच अंगणात 27-21 असं हरवलं आणि कॉलेज फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हातात चेंडू घेऊन धडका मारतात तो. 16 पैकी 16 सामने जिंकले. असा सीझन याआधी 1894 मध्ये येलने केला होता, म्हणजे इतिहासजमाच म्हणा.

ज्यांना हे नाव नवं आहे त्यांच्यासाठी: हा तोच संघ, ज्याने या स्तरावर सगळ्यात आधी 700 पराभव पूर्ण केले. मी तिथे शिकत होतो तेव्हा शनिवारी पार्किंगमध्ये ग्रिल, बिअर, गाणी सगळं जोरात असायचं आणि हाफटाइमला स्टेडियम ओस पडायचं. इंडियाना म्हणजे बास्केटबॉल; फुटबॉल हा त्याआधीचा टाइमपास.

नोव्हेंबर 2023 च्या शेवटी कर्ट सिग्नेटी आला. त्याआधीचा सीझन 3-9, म्हणजे 3 विजय, 9 पराभव. आल्या आल्या बास्केटबॉलच्या मॅचमध्ये माइक हातात घेऊन पर्ड्यू (राज्यातलाच आमचा कट्टर प्रतिस्पर्धी), मिशिगन, ओहायो स्टेट या तिघांनाही शिव्या घातल्या. पुढे पत्रकारांनी विचारलं, इथे खेळाडू कसे आणणार? उत्तर: मी जिंकतो, गूगल करा. आम्ही हसलो होतो. 2024 मध्ये 11-2, 2025 मध्ये 16-0.

माझं म्हणणं असं की हा बदल कोचनेच घडवला, आणि भाषणं देऊन नाही. हा माणूस अलाबामात निक सेबन या दिग्गज कोचच्या हाताखाली होता. पन्नाशीच्या तोंडावर ती नोकरी सोडून, कमी पगारावर, पेनसिल्व्हेनियातल्या एका दुसऱ्या श्रेणीच्या कॉलेजात हेड कोच म्हणून गेला. जिथे वडील कोच होते, तिथेच. तिथून एलॉन, मग जेम्स मॅडिसन (52-9), मग इंडियाना. सगळीकडे पद्धत तीच: सराव आटोपशीर, खेळाडूंना सोमवारपासून पिळून काढायचं नाही, आणि खेळाडू निवडताना ‘पुढे काय करेल’ यापेक्षा ‘आत्तापर्यंत काय केलंय’ ते बघायचं. स्कोर 40-0 असला तरी याचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. खेळाडूही तसेच झालेत: फालतू पेनल्टी नाहीत, चेंडू हातातून सोडणं नाही.

मतं येऊ द्या.

पर्ड्यूवाला

अभिनंदन. आता जरा जमिनीवर या.

सिग्नेटीने जेम्स मॅडिसनमधून 13 खेळाडू सोबत आणले. डिफेन्सचा कणा तोच: फिशर, पाँड्स, कमारा. डिफेन्स आणि ऑफेन्सचे दोन्ही कोऑर्डिनेटर (सहायक कोच), हेन्स आणि शॅनहन, तेही तिथलेच. 2024 चा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) रुर्क ओहायो युनिव्हर्सिटीतून, 2025 चा मेंडोझा कॅलिफोर्नियातून. सेंटर नोत्र दामचा, रनिंग बॅक मेरीलँडचा. याला कल्चर बदलणं म्हणत नाहीत, भाडेकरू बदलणं म्हणतात.

आणि पैसा? ऑक्टोबर 2025 मध्ये त्याला 8 वर्षांसाठी 9 कोटी 30 लाख डॉलरचा करार दिला. अब्जाधीश मार्क क्युबन हा तुमचाच माजी विद्यार्थी, त्यानेही पाकीट उघडलं. आमच्याकडे वेस्ट लाफियेतमध्ये संस्कार कमी आहेत असं नाही हो, क्वार्टरबॅक कमी आहेत.

मुख्य मुद्दा वेगळाच आहे. सिग्नेटीच्या आधीचा टॉम अ‍ॅलन आठवतो का? त्याचं ब्रीदवाक्यच होतं ‘लव्ह ईच अदर’. 2020 मध्ये 6-2 झालं, बिग टेन या आपल्या लीगचा सर्वोत्तम कोच ठरला. तेव्हा तुम्हीच मंडळी सांगत होता की अ‍ॅलनने कल्चर बदललं. पुढची तीन वर्षं: 2-10, 4-8, 3-9. प्रेम तेवढंच, कोच तोच. मग काय बदललं? क्वार्टरबॅक मायकेल पेनिक्स ज्युनियर जायबंदी झाला आणि मग निघून गेला, एवढंच. तो वॉशिंग्टनला जाऊन 2023 ची फायनल खेळला. कल्चर हे जिंकल्यावर चिकटवायचं लेबल आहे, कारण नव्हे.

शेवटची_रांग

मी पुण्यातून वाचतोय. कॉलेजचा मुलगा असा दरवर्षी कॉलेज बदलू शकतो? आमच्या वेळी मायग्रेशन सर्टिफिकेट काढायलाच सेमिस्टर जायचं :)

ब्लूमिंग्टनकर

@शेवटची_रांग, पूर्वी बदललं तर एक वर्ष घरी बसावं लागायचं. 2021 मध्ये एकदाच बदलायची मोकळीक मिळाली, पुढे ‘एकदाच’ ही अटही गेली. नाव ‘ट्रान्स्फर पोर्टल’ नावाच्या यादीत टाकायचं, बाकीचे कोच फोन करतात. त्याच 2021 च्या जुलैपासून खेळाडूंना जाहिराती वगैरेतून पैसे कमावता येतात, आणि जुलै 2025 पासून कॉलेजं थेट पैसे देतात. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक कॉलेजला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर.

रविवार_दुपार

पर्ड्यूवाला, तुमची यादी बरोबर आहे, पण अर्धीच आहे.

8 नोव्हेंबर 2025, पेन स्टेटमध्ये. इंडियाना 20-24 ने मागे, दोन मिनिटांच्या आत वेळ उरलेला, टाइमआउट एकही नाही, 80 यार्ड जायचंय. पहिल्याच खेळीत मेंडोझाला पाडलं, म्हणजे उलट आणखी मागे. तिथून चेंडू पुढे नेला. शेवटी एंड झोनच्या (जिथे चेंडू नेला की टचडाउन) मागच्या रेषेवर पास, हवेत उडी, शरीर बाहेर चाललेलं, आणि एका पायाचा चवडा आत टेकवून झेल. 27-24. झेल घेणारा ओमर कूपर ज्युनियर.

फायनलमध्ये मायामीचा शेवटचा हल्ला चालू होता, तेव्हा पास अडवून मॅच संपवली जमारी शार्पने. तो मूळचा मायामीचाच.

हे दोघेही 2022 च्या भरतीतले, टॉम अ‍ॅलनने आणलेले. 4-8 आणि 3-9 ची चव घेतलेले. भाडेकरू नाहीत, जुन्या वाड्यातलेच. तीच मुलं आधी हरत होती आणि आता सीझनच्या दोन सगळ्यात अवघड क्षणांना तेच उभे राहिले. मग त्यांच्यात काय बदललं ते सांगा. पैसा नव्हे, कारण पैसा मिळाला म्हणून चवडा आत टेकत नाही.

पर्ड्यूवाला

रविवार_दुपार, वाड्यातले किती जण उरले होते ते आधी बघा. सिग्नेटी आला तेव्हा ऑफेन्समधले बहुतेक जण पोर्टलमध्ये होते. जे राहिले ते चाळणीतून राहिले. चांगले तेवढे ठेवायचे, मग म्हणायचं ‘बघा, आमच्या संस्कारांनी चांगले झाले’. शिवाय 19 वर्षांचा मुलगा 22 चा झाला की तसाही सुधारतो. त्यातही पास फेकणारा हाइझमन (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) जिंकलेला असेल तर झेलणारा जरा जास्तच सुधारतो.

आणखी एक. सेबनला अलाबामात पहिल्या वर्षी 7-6 करावं लागलं, लुइझियाना-मन्रोसारख्या संघाकडून घरच्या मैदानावर हरला. 14-0 तिसऱ्या वर्षी. तिथे मी मानतो की काहीतरी मुरलं. इथे पहिल्याच वर्षी 3 वरून 11 विजय. पहिल्या दिवसापासून जे होतं ते ‘मुरलं’ कधी?

बोल्डर_बुद्रुक

माणसं आणि पैसा एवढंच असतं, तर माझ्या कोलोरॅडोचं काय झालं ते समजवा मला.

डिऑन सँडर्स डिसेंबर 2022 मध्ये कोच म्हणून आला. संघ 1-11 होता. पहिल्याच बैठकीत मुलांना तोंडावर सांगितलं, पोर्टलमध्ये जा, मी माझं सामान सोबत आणतोय आणि ते लुई व्हित्तोंचं आहे. पन्नासहून जास्त खेळाडू गेले. टीव्ही आला, सेलिब्रिटी आले, पैसा आला. पहिल्याच सामन्यात टीसीयूला 45-42 हरवलं, आणि सीझन अखेर 4-8. 2024 मध्ये 9-4, ट्रॅव्हिस हंटरला हाइझमन. 2025 मध्ये 3-9.

तोच पोर्टल, तीच साफसफाई, प्रसिद्धी दसपट. फरक कोचमध्ये नसेल तर कशात आहे? आमच्याकडे कॅमेऱ्यासमोर कल्चर होतं. ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी फळी) नावाची गोष्ट मात्र कुणी मनावर घेतली नाही. पहिल्या वर्षी डिऑनचा मुलगा, आमचा क्वार्टरबॅक शेडूर सँडर्सला जितकं आपटलं, ते बघून त्याच्या आईची काळजी वाटायची.

पर्ड्यूवाला

बोल्डर, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. हंटर आणि शेडूर असताना 9-4, ते प्रोमध्ये गेले आणि 3-9. कोच तोच. धन्यवाद.

बोल्डर_बुद्रुक

नाही हो. 2023 मध्येही ते दोघे होतेच की! हंटर काही सामने जायबंदी होता, मान्य, पण तरी 4-8.

नागपूरकर_मूळचे

क्रिकेटवाल्यांनी जरा नाक खुपसलं तर चालेल का? विदर्भ. चंद्रकांत पंडित आले आणि पहिल्याच सीझनला, 2017-18 ला, रणजी. पुढच्या वर्षी परत. तेव्हाही मुंबईतले मित्र म्हणायचे, वसीम जाफर आणि गणेश सतीश बाहेरून आणले म्हणून. अरे पण इंदूरच्या फायनलमध्ये दिल्लीची वाट लावली ती रजनीश गुरबानीने, हॅटट्रिकसकट, आणि तो आमचाच. पंडितांची शिस्त कडक, सगळ्यांना रुचायची नाही. ते नंतर मध्य प्रदेशला गेले, 2022 मध्ये त्यांनाही रणजी मिळवून दिली, तीही मुंबईला हरवून. इकडे विदर्भाने 2024-25 ला पंडित नसताना पुन्हा जिंकली.

म्हणून कोच निघून गेल्यावर काय उरतं ते बघा. सिग्नेटी अजून गेलेला नाही, तोवर तुम्ही दोघंही अंधारात बाण मारताय.

बर्फाची_पिशवी

मी इकडे कॉलेज स्पोर्ट्समध्ये फिजिओचं काम करते. तुम्ही सगळे कल्चर म्हणजे चांगलीच गोष्ट असं धरून चाललाय. नवा कोच ‘टफनेस’ आणतो तेव्हा त्याची किंमत कोण मोजतं, ते आम्ही टेबलावर बघतो.

मेरीलँड, 29 मे 2018. कोच डीजे डर्किनचा तिसरा सीझन सुरू व्हायचा होता. जॉर्डन मॅकनेअर, वय 19, सरावातल्या धावण्यात उष्माघाताने कोसळला. उष्माघाताला उपाय साधा आहे: बर्फाच्या पाण्याच्या टबात तातडीने बुडवायचं, हॉस्पिटल नंतर. ते केलं गेलं नाही. दोन आठवड्यांनी तो गेला. नंतरच्या चौकशी समितीने कल्चरला ‘विषारी’ म्हणायचं टाळलं, पण खेळाडू बोलायला घाबरत होते हे मात्र लिहिलं. 31 ऑक्टोबरला डर्किनची हकालपट्टी झाली. त्याच्या आदल्याच दिवशी त्याला ठेवायचं ठरलं होतं!

म्हणून मला सिग्नेटीच्या बाबतीत 16-0 पेक्षा तो आटोपशीर सराव जास्त महत्त्वाचा वाटतो. बहुतेक नवे कोच पहिल्या उन्हाळ्यात मुलांना ओकेपर्यंत पळवतात, कारण बदल दिसायला हवा असतो. ज्याला आपली पद्धत माहीत असते त्याला तो तमाशा करावा लागत नाही. पण ब्लूमिंग्टनकर, एक विचारते: 2024 मध्ये तुमचा क्वार्टरबॅक कर्टिस रुर्क गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला असताना अख्खा सीझन खेळला. त्याच्या धैर्याचं कौतुक सगळ्यांनी केलं. हेही तुमच्या कल्चरच्या खात्यात जमा करणार का?

ब्लूमिंग्टनकर

@बर्फाची_पिशवी, प्रश्न बोचरा आहे. ते कौतुक मलाही अवघड वाटतं. निर्णय त्याचा होता असं म्हणतात, पण 23 वर्षांच्या मुलाचा शेवटचा सीझन असताना ‘त्याचा निर्णय’ म्हणजे किती त्याचा, तुम्हीच जाणा.

@पर्ड्यूवाला, ‘मुरलं कधी’ याचं उत्तर: इंडियानात नव्हे, आधी. 2011 पासून तो हेच करतोय. जे 13 जण आणले ते नुसते गुणी म्हणून नाही, त्यांना बुधवारी काय करायचं हे आधीच पाठ होतं. लॉकर रूममध्ये बाकीच्यांनी त्यांच्याकडे बघून शिकलं. म्हणजे तुमची यादी मला मान्य आहे. ती माझ्या बाजूने मोजा, एवढंच.

आणि फायनल आठवा. 17-14, चौथा क्वार्टर, फोर्थ डाउन (शेवटचा प्रयत्न), 4 यार्ड हवे होते. फील्ड गोलची (किक मारून तीन गुण) माणसं मैदानात उतरली होती. टाइमआउट घेऊन त्यांना परत बोलावलं आणि मेंडोझाला मधून पळवलं, 12 यार्ड, अंगावर दोन-तीन फटके खात टचडाउन. तीन गुण समोर असताना हा माणूस ते सोडून देतो, ज्याला आपण सावध म्हणून ओळखतो. 700 पराभवांचं ओझं घेतलेल्या संघात जुना कुठलाही कोच ते तीन गुण मुकाट घेऊन देवाचे आभार मानता.

पर्ड्यूवाला

तो पळाला, कारण तो मेंडोझा होता. आता तो नाही. नवा क्वार्टरबॅकही पोर्टलमधूनच घेतलाय.

रविवार_दुपार

मग आधीच ठरवा ना, काय झालं तर तुम्ही मान्य कराल? मी माझं सांगते. 2-10 सारखी घसरण झाली तर मी म्हणेन अ‍ॅलनसारखंच निघालं. पण मेंडोझाशिवाय, नव्या लाइनसकट 9-10 सामने जिंकले आणि पेनल्टी तेवढ्याच कमी राहिल्या, तर ते कोचचं.

पर्ड्यूवाला

9 जिंकले तर मी मानेन. तुमचे ब्लूमिंग्टनचे लोक मानतील का ते बघा. 2019 ला अ‍ॅलनने 8-5 केलं तेव्हा तिकडे दिवाळी होती. आता 9-3 झालं की हेच लोक विचारतील, सिग्नेटीला झालंय काय.

(आणि हो, आम्ही तुमच्याकडून 66-0 आणि 56-3 असे हरलो त्याची आठवण कुणी काढू नये. आपल्या लढतीची ट्रॉफी, ती ओकची बादली, सध्या तुमच्याकडेच आहे, ठाऊक आहे.)

ब्लूमिंग्टनकर

मी काढणारच नव्हतो. तुम्हीच काढलीत :)