बी.एस्सी. फिजिशियन असिस्टंट झाले, नाशिकमध्ये ३ वर्षं नोकरी. आता कोणतं सर्टिफिकेशन करू?

निफाडची_पीए

नमस्कार मंडळी. मी मूळची निफाडची. दक्षिणेत जाऊन पीएची (फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करणारा सहायक) पदवी घेतली आणि गेली ३ वर्षं मुंबई नाक्याजवळ एका खासगी हॉस्पिटलच्या हृदयरोग विभागात आहे. सकाळी सर राउंडला यायच्या आत रात्रीचे ईसीजी आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून ठेवते, मग बेडपाशी केस सांगते. अँजिओग्राफीच्या पेशंटची हिस्ट्री मी घेते. रक्त पातळ करायची गोळी शेवटची कधी घेतली, हे तर मी दोनदा विचारते, कारण पहिल्यांदा नातेवाईक बोलतात आणि दुसऱ्यांदा पेशंट स्वतः सांगतो. कॅथलॅबमधून (अँजिओग्राफी होते ती खोली) पेशंट बाहेर आला की मनगटावरचा, रक्त थांबवायला बांधलेला बँड सैल करताना लक्ष ठेवायचं, नंतर डिस्चार्ज समरीचा मसुदा करायचा.

काम मला मनापासून आवडतं. पण पगाराच्या स्लिपवर माझं पद ‘कोऑर्डिनेटर’ असं आहे. गावात कुणी बाबांना विचारतं, ‘पोरगी डॉक्टर की नर्स?’ तेव्हा ते गप्प बसतात, आणि ते मला फार लागतं.

मागच्या महिन्यात एका ऑनलाइन संस्थेचा फोन आला. ‘आंतरराष्ट्रीय पीए सर्टिफिकेशन’, फी ६५,००० रुपये, अमेरिकेतही चालेल म्हणे. द्राक्षाचे पैसे हातात आले की बाबा द्यायला तयार आहेत. भरू का?

ओटीतली_ताई

अगं, एक रुपयाही भरू नकोस. मी १४ वर्षं पीए आहे, आधी हृदयशस्त्रक्रियेत होते, आता नाशिक रोडला आयसीयूत.

अमेरिकेत पीए म्हणून काम करायचं तर ‘पान्स’ ही परीक्षा लागते. ३०० प्रश्न असतात आणि ती एनसीसीपीए ही तिथली संस्था घेते. तिला बसायला एआरसी-पीएची (अभ्यासक्रमांना मान्यता देणारी तिथली संस्था) मान्यता असलेल्याच अभ्यासक्रमातून पास व्हावं लागतं. आपल्या पदवीवर ती देता येत नाही, मग मध्ये कुणाचंही सर्टिफिकेट आणलं तरी. तिकडे जायचंच असेल तर तिथल्या कॉलेजात नव्याने प्रवेश घ्यावा लागेल, आणि तो खर्च ६५ हजारांत मावणारा नाही. फोनवाल्याला फक्त एवढंच विचार: ‘या सर्टिफिकेटवर मी पान्सला बसू शकते का? लेखी द्या.’

त्यांची एक पद्धत मात्र आपण उचलावी. परीक्षा पास झाल्यावरही त्यांना दर २ वर्षांनी १०० सीएमई (नोकरीत असताना चालू ठेवायचं वैद्यकीय शिक्षण) क्रेडिट दाखवावे लागतात. आपल्यावर तशी सक्ती नसली तरी मी वहीत लिहीत आले: तारीख, केस कसली, मी काय केलं, कोणाच्या देखरेखीखाली. पेशंटचं नाव कधीच नाही. आयसीयूच्या मुलाखतीत त्या वहीवरच पाऊण तास बोलणं झालं. पदवीचा कागद त्यांनी एकदा उलटून बघितला, बस.

सर्टिफिकेट हवंच असेल तर बीएलएस आणि एसीएलएस कर, म्हणजे हृदय बंद पडलं तर जीव वाचवायचं प्राथमिक आणि पुढचं प्रशिक्षण. कार्ड २ वर्षं चालतं. तू हृदयरोगात आहेस, छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा ईसीजी १० मिनिटांत व्हायला हवा, आणि मॉनिटरवर लय बिघडली की कोणती पायरी आधी, हे हाताला ठाऊक हवं. ही विद्या उद्याच्या ड्यूटीत उपयोगी पडते.

आणि बाबांना सांग, भारतात हा अभ्यासक्रम १९९२ मध्ये चेन्नईत डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरू केला, तोही हृदयशस्त्रक्रियेच्या टीमसाठी. तुझी शाखा उपरी नाही.

म्हसरूळकर

पदाच्या नावाबद्दल. २०२१ चा राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा वाचा. त्याच्या अनुसूचीत ‘फिजिशियन असोसिएट’ (म्हणजे तुमचं पीएचंच काम) हा व्यवसाय नावानिशी आहे. ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ ठरायला ३,६०० तासांचं शिक्षण लागतं, ३ ते ६ वर्षांत विभागलेलं. कॉलेजकडून तासांचा तपशील आणि इंटर्नशिपचा दाखला शिक्क्यासह आत्ताच मागवून ठेवा. या कायद्याखालच्या नोंदणीच्या वेळी धावपळ नको. एचआरला अर्ज करताना या कायद्याचा उल्लेख करा, तोंडी बोलू नका.

रात्रपाळी_आरएमओ

मी बीएएमएस, पंचवटीत आरएमओ (हॉस्पिटलचा निवासी डॉक्टर) आहे. खरं सांगतो, महाराष्ट्रात खासगी हॉस्पिटलं ही कामं बहुधा आम्हा बीएएमएस-बीएचएमएसवाल्यांना देतात, म्हणून इथे पीएच्या जागा कमी. पण आमच्यातले बरेच जण पीजीसाठी वर्ष-दोन वर्षांत निघून जातात. एकाच विभागात ३ वर्षं टिकलेला माणूस सरांना सोडवत नाही. बोलायचं तर त्या जोरावर बोला. फक्त औषध स्वतःच्या सहीने लिहू नका, कोणी घाईत सांगितलं तरी. अडचणीत तुम्ही याल.

निफाडची_पीए

ताई, संस्थेला तोच प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर विचारला. दोन दिवस झाले, निळी टिक आली, उत्तर नाही. पैसे भरत नाही.

म्हसरूळकर सर, कॉलेजला तासांच्या तपशिलासाठी आज मेल केला. आरएमओ सर, सहीचं लक्षात ठेवते. आधीच्या ३ वर्षांचं काम ड्यूटी रजिस्टरवरून आठवून लिहायला घेतलंय, सध्या पहिल्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत आलेय. ताई, एसीएलएसच्या आधी ईसीजी कशावरून पक्का करू?