मदत हवी आहे: सवलतीतली 'इंपोर्टेड' जपानी बिअर नक्की बनते कुठे?

अवलोकिता

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे, आणि जरा लवकर हवी आहे.

आमच्या ऑफिसमधले एक ज्येष्ठ सहकारी महिनाअखेरीस निवृत्त होत आहेत. त्यांची उमेदीची बरीच वर्षं जपानमध्ये गेली. तिथल्या बिअरचा विषय निघाला की ते फार जिव्हाळ्यानं बोलतात. म्हणून सगळ्यांनी वर्गणी काढून त्यांना जपानी बिअरच द्यायचं ठरवलं, आणि खरेदीचं काम माझ्याकडे आलं.

एका दुकानात जपानी बिअरवर मोठी सवलत चालू आहे. जवळजवळ निम्म्या किमतीत मिळतेय. वर ठळक पाटी 'इंपोर्टेड'. तिथे दोन प्रकार दिसले. एक म्हणजे 'असाही सुपर ड्राय' या बिअरच्या बाटल्या. पुढच्या बाजूला जपानी अक्षरं, एकूण थाट जपानी. पण बाटली फिरवून मागचा बारीक मजकूर वाचला तर बनवण्याचं ठिकाण इटली! दुसरा प्रकार कॅनचा. त्यावर वरपासून खालपर्यंत जपानीच मजकूर आहे, आणि आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता असलेला एक स्टिकर एका कडेला चिकटवलेला आहे. तो नेमका मूळ मजकुरावरच बसलाय, त्यामुळे खाली काय लिहिलंय ते दिसत नाही. दुकानदाराला विचारलं तर "इंपोर्टेडच आहे हो" एवढंच उत्तर मिळालं.

इटलीची बाटली नकली समजायची का? खरोखर जपानमध्ये बनलेली बिअर ओळखायची कशी? आणि एवढी सवलत का असावी? माल जुना असेल तर तो चालतो का? ज्या माणसानं ती बिअर तिथे राहून प्यायली आहे, त्याच्या हातात भलतंच काही द्यायची माझी इच्छा नाही. कृपया मार्गदर्शन करा.

---

दूरदेशी

अवलोकिताताई, आधी मनातली शंका काढून टाका. इटलीची बाटली नकली नाही. असाही कंपनीनं २०१६ मध्ये इटलीची पेरोनी विकत घेतली. युरोपात विकली जाणारी सुपर ड्राय आता तिथल्या कारखान्यांत बनते. त्याआधी हीच बिअर परवान्यावर इंग्लंडात केंटमध्ये आणि प्रागमध्येही बनायची. अमेरिकेसाठी ती बरीच वर्षं कॅनडात बनत होती, आणि २०२४ च्या सुरुवातीला असाहीनं विस्कॉन्सिनमधली एक ब्रुअरी खास त्यासाठीच घेतली.

बाकीच्या जपानी कंपन्यांचंही तसंच आहे. युरोपातली किरिन इचिबान जर्मनीत वाइहेनश्टेफानला बनत आली आहे. सॅपोरोनं २००६ मध्ये कॅनडातली स्लीमन घेतली आणि अमेरिकेत जाणारी सॅपोरो तिथे ऑन्टारिओत बनू लागली. २०२२ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातली स्टोन ब्रुअरीही घेतली, अमेरिकेचा माल अमेरिकेतच काढता यावा म्हणून. व्हिएतनाममध्येही २०११ पासून त्यांचा कारखाना आहे.

कारण साधं आहे. बिअर म्हणजे बहुतांश पाणी. ते जहाजात भरून अर्ध्या जगाला वळसा घालून आणायचं, वर आयातशुल्क भरायचं, आणि पोचेपर्यंत माल काही आठवड्यांनी जुना झालेला. त्यापेक्षा कृती आणि यीस्ट पाठवणं परवडतं.

'इंपोर्टेड' ही पाटीही खोटी नाही. इटलीहून आलेली बाटली इटलीबाहेर कुठेही इंपोर्टेडच. फक्त ती जपानहून आलेली नाही.

---

पाऊलखुणा

सोपी युक्ती: बारकोड बघा. ४५ किंवा ४९ ने सुरू होत असेल तर माल जपानचा. मी तरी तेवढंच बघते.

---

टिपकागद

पाऊलखुणा, यावर विसंबू नका. ही समजूत सगळीकडे पसरली आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. बारकोडचे पहिले आकडे तो क्रमांक कुठल्या देशाच्या नोंदणी संस्थेनं दिला एवढंच सांगतात. ४५० ते ४५९ आणि ४९० ते ४९९ हे जपानच्या संस्थेचे, ८०० ते ८३९ इटलीचे, ८९० भारताचा. जपानमध्ये नोंदलेली कंपनी आपला क्रमांक परदेशातल्या कारखान्यात बनलेल्या मालावरही छापू शकते. उलट, जपानमध्ये बनलेला माल एखाद्या परदेशी आयातदाराच्या क्रमांकानंही विकला जाऊ शकतो. बारकोडवरून संशय घ्यायला हरकत नाही, निकाल देऊ नये.

खरी माहिती लेबलवरच्या वाक्यात असते. तिथेही शब्द नीट वाचा. 'अमुक कंपनीच्या देखरेखीखाली', 'अमुक कंपनीसाठी', 'जपानी कृतीनुसार' असं काही लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ ती दुसऱ्या कुणीतरी बनवली आहे. 'जपानमध्ये उत्पादित' असं थेट लिहिलेलं हवं.

अमेरिकेत यावर खटले झाले आहेत. किरिन इचिबान तिथे १९९६ पासून लॉस एंजेलिस आणि व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गमध्ये बनत होती, पण वेष्टनावरून ती जपानची वाटते असा ग्राहकांचा दावा होता. २०१५ मध्ये तडजोड झाली. ग्राहकांना थोडे पैसे परत मिळाले आणि बनवण्याची ठिकाणं वेष्टनावर लिहायचं ठरलं. बेक्स ही जर्मन नावाची बिअर सेंट लुइसमध्ये बनत होती, तिच्याबाबतही त्याच वर्षी अशीच तडजोड झाली. सॅपोरोविरुद्धचा दावा मात्र २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयानं फेटाळला, कारण कॅनडात बनल्याचं कॅनवर छापलेलंच होतं. म्हणजे कंपनीनं बारीक अक्षरांत का होईना लिहिलं असेल, तर ते वाचायची जबाबदारी आपल्यावर येते. मला व्यक्तिशः हे पटत नाही. पुढच्या बाजूला एवढी मोठी जपानी अक्षरं काढता, तर गावाचं नावही तिथेच लिहायला हवं.

---

अवलोकिता

मनापासून आभार. बारकोड बघायचा हे माझ्याही डोक्यात होतं, बरं झालं कळलं. पण माझ्या कॅनवर ते वाक्यच स्टिकरखाली गेलंय. आयातदाराच्या स्टिकरवर मूळ देश 'जपान' लिहिलंय, तेवढं पुरेसं आहे का?

---

सांजवात

स्टिकरवर मूळ देश स्पष्ट लिहिला असेल तर ते बऱ्यापैकी भरवशाचं आहे, कारण ती आयातदाराची कायदेशीर जबाबदारी असते. तरी खात्री हवी असेल तर कॅनच्या झाकणावर, उघडायच्या कडीजवळ, बोट फिरवून बघा. जपानी बाजारासाठी बनलेल्या बिअरच्या कॅनवर तिथे ब्रेलमध्ये बारीक उठावाचे ठिपके असतात. त्यात 'ओसाके', म्हणजे मद्य, असं लिहिलेलं असतं. ज्यांना दिसत नाही त्यांनी सरबताचा कॅन समजून चुकून उघडू नये म्हणून ही सोय आहे. ते ठिपके सापडले तर तो कॅन मूळ जपानी ग्राहकासाठीच निघाला होता असं समजायला हरकत नाही. ठिपके नसले म्हणजे जपानचा नाहीच, असं मात्र नाही. निर्यातीसाठी वेगळे कॅनही छापतात.

आणखी एक गोष्ट, आणि तुमच्या भेटीसाठी ही फार महत्त्वाची. तो कॅन बिअरचाच आहे ना, ते बघा! जपानमध्ये बिअरसारखी दिसणारी आणि लागणारी 'हाप्पोशु' नावाची स्वस्त पेयं भरपूर विकली जातात. तिथला मद्यकर माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या, प्रमाणावर ठरत आला आहे, म्हणून कंपन्यांनी माल्ट कमी करून ही पेयं काढली. २०१८ पर्यंत बिअर म्हणवून घ्यायला ६७ टक्के माल्ट लागायचा, आता ५० टक्के लागतो. करातला फरक टप्प्याटप्प्यानं कमी करत ऑक्टोबर २०२६ मध्ये सगळ्यांवर सारखाच कर, ३५० मिलिलिटरला ५४.२५ येन, असं तिथल्या सरकारनं ठरवलं आहे.

हाप्पोशु वाईट असते असं मी म्हणणार नाही, उन्हाळ्यात छान लागते. पण जपानमध्ये राहिलेला माणूस कॅन बघताक्षणी ओळखेल की ही स्वस्तातली आहे. प्रकार कॅनवर छापणं तिथे सक्तीचं आहे. 'बीरु', म्हणजे बिअर, हा शब्द तीन चिन्हांचा असतो आणि मधलं चिन्ह म्हणजे नुसती आडवी रेघ. हाप्पोशुची तिन्ही चिन्हं चिनी वळणाची, भरगच्च. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं भाषांतर करून घेतलंत तरी कळेल.

---

कडूगोड

मी काही वर्षं एका ब्रुअरीच्या गुणवत्ता विभागात काम केलं आहे, म्हणून सवलतीबद्दल लिहितो. ताई, तुमचा सगळा भर 'कुठे बनली' यावर आहे. मी तुमच्या जागी असतो तर आधी 'कधी बनली' आणि 'कशी ठेवली' हे पाहिलं असतं.

निम्म्या किमतीला माल निघतो तेव्हा बहुतेक वेळा मुदत जवळ आलेली असते. घाबरायचं कारण नाही. बिअरवरची तारीख चव उत्तम राहण्याची असते. अल्कोहोल, हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं), आम्लता आणि कार्बन डायऑक्साइड यांमुळे रोगजंतू तिच्यात तग धरत नाहीत. उलटून गेलेल्या तारखेची बिअर पिऊन कुणी आजारी पडत नाही, पण चव उतरते.

चव दोन प्रकारे जाते. पहिला शत्रू ऑक्सिजन. भरताना कितीही काळजी घेतली तरी किंचित हवा आत राहतेच. हळूहळू हॉप्सचा सुगंध मंदावतो आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो. हे उष्णतेनं फार वेगानं होतं. आमच्या धंद्यात ३-३०-३०० असा ढोबळ ठोकताळा आहे. ३२ अंशांवर ३ दिवसांत बिअर जेवढी म्हातारी होते, तेवढीच ती २२ अंशांवर ३० दिवसांत आणि फ्रिजच्या ३-४ अंशांवर ३०० दिवसांत होते. आता विचार करा, जपानहून निघालेला कंटेनर उष्ण कटिबंधातून आठवडेच्या आठवडे येतोय. म्हणून जवळच्या देशात बनलेली तीन महिन्यांची बिअर जपानहून आलेल्या दहा महिन्यांच्या बिअरपेक्षा मूळ चवीच्या जास्त जवळ असू शकते. सुपर ड्रायसारख्या हलक्या, स्वच्छ चवीच्या बिअरमध्ये तर दोष लपायला जागाच नसते.

दुसरा शत्रू उजेड. हॉप्समधले कडू घटक आणि बिअरमधलं रिबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, यांच्यावर उजेड पडला की एक गंधकयुक्त संयुग तयार होतं. त्याचा वास इतका उग्र असतो की अगदी अत्यल्प प्रमाणातही नाकाला कळतो. तपकिरी काच बरंच संरक्षण देते. हिरवी आणि पांढरी काच जवळजवळ काहीच देत नाही. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली उघड्यावर मांडलेल्या बाटल्या मी स्वतः कधी घेत नाही. कॅनला ही भीतीच नाही.

तारीख कॅनच्या तळाशी असते. जपानी पद्धतीत आधी वर्ष, मग महिना. दोन ओळी असल्या तर नंतरची तारीख मुदतीची, आधीची बनवल्याची. बनवल्याच्या ओळीत महिन्यानंतर दिवसाऐवजी चिन्ह असतं, कारण ते महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग करतात: सुरुवातीचा, मधला, शेवटचा. तेवढं ओळखता आलं की पुरे.

---

पाऊलखुणा

बारकोडचं लक्षात आलं, धन्यवाद टिपकागद. कडूगोड दादा, फ्रिजमधून काढून पुन्हा बाहेर ठेवली आणि परत गार केली तर बिअर बिघडते, हे खरं का?

---

कडूगोड

गार-गरम-गार होण्यानं वेगळं काही बिघडत नाही. बाहेर किती काळ आणि किती उष्णतेत राहिली, तेवढंच मोजायचं. दुकानातून घरी आणेपर्यंतच्या वेळेची काळजी करू नका. बंद गाडीत दुपारभर उन्हात विसरलात तर मात्र करा.

---

दूरदेशी

शोधायचंच असेल तर मोठ्या तीन-चार कंपन्यांच्या पलीकडेही बघा. ओरियन ओकिनावातल्या नागोची, इचिगो निइगाताची. जपाननं १९९४ मध्ये परवान्यासाठीची किमान उत्पादनाची अट २० लाख लिटरवरून ६० हजारांवर आणली आणि मग लहान ब्रुअऱ्या उभ्या राहिल्या. इचिगो त्या लाटेतली अगदी पहिली. ते सहकारी जपानमध्ये कुठल्या भागात होते हे कळलं तर त्या भागातली एखादी बाटली मिळते का बघा. माझ्या मते ती सगळ्यात बोलकी भेट ठरेल.

---

अवलोकिता

काल संध्याकाळी पुन्हा जाऊन आले. तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद मोबाइलवर उघडून एकेक तपासलं.

सवलतीतल्या कॅनमध्ये दोन वेगवेगळे प्रकार मिसळलेले निघाले. एकावर मधे आडवी रेघ असलेला तीन चिन्हांचा शब्द होता, दुसऱ्यावर ती तीन भरगच्च चिन्हं. म्हणजे निम्मा ढीग हाप्पोशुचा! सांजवात, तुम्ही सांगितलं नसतं तर तेच उचलले असते, कारण त्यांची नक्षी जास्त सुंदर होती. झाकणावरचे ठिपके दोन्हींवर सापडले. बिअरच्या कॅनच्या तळाशी मुदत संपायला जेमतेम महिना उरलेला होता. कुठे ठेवला होता विचारलं तर मागच्या गोदामात, आणि तिथे गारव्याची सोय नाही.

म्हणून भेटीसाठी ते घेतले नाहीत. आमच्या घरासाठी चार घेतले, चव बघायला. इटलीच्या बाटल्यांची तारीख खूपच ताजी होती, पण त्या उघड्या फळीवर दिव्याखाली होत्या. आतून बंद खोकं आणून द्याल का विचारलं, दिलं. ते घेतलं आहे. शिवाय सहकाऱ्यांच्या पत्नीला फोन केला. त्यांची बहुतेक वर्षं निइगातात गेली! आता इचिगोच्या शोधात आहे. एका आयातदाराकडे शीतगृहातून माल येतो असं कळलंय. त्यावर सवलत नाही, पण वर्गणीत बसेल. सहा मिळाल्या तरी पुरे.

---

कडूगोड

उत्तम. मागवण्याआधी त्यांच्याकडून तळाच्या तारखेचा फोटो मागून घ्या, देतात. आणि इटलीचं खोकं महिनाअखेरीपर्यंत फ्रिजमध्ये मावत नसेल तर घरातल्या सगळ्यात गार, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, गच्चीवर किंवा स्वयंपाकघरात नको.