अंतर मोजायची पट्टी बाजूची, वरची नाही

वर एकाने लिहिलंय की चार्टवर, म्हणजे समुद्री नकाशावर, अंतर मोजायला वरच्या कडेची पट्टी वापरा. कृपया नको! वरची पट्टी रेखांशांची, बाजूची अक्षांशांची. अक्षांशाचा १ मिनिट म्हणजे १ सागरी मैल, १८५२ मीटर, पण रेखांशाची मिनिटं ध्रुवाकडे जाताना आकसत जातात, आपल्या कोकण किनाऱ्यापाशीच जवळजवळ ५ टक्के फरक पडतो. शिवाय मर्केटर प्रक्षेपात (समुद्री नकाशे काढायच्या नेहमीच्या पद्धतीत) उत्तरेकडे जाल तसा नकाशा ताणलेला असतो, म्हणून डिव्हायडर उघडायचा आणि आपण आहोत त्याच अक्षांशापाशी बाजूच्या पट्टीवर टेकवायचा. सरावाला अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या शाळेच्या कंपासपेटीतला डिव्हायडरही चालतो, महागडा कशाला.

दुसरं, "आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर जवळपास एकच, मग दुरुस्ती कशाला" हा मुद्दा. अर्धा बरोबर आहे. मुंबईच्या आसपास व्हेरिएशन, म्हणजे या दोन उत्तरांमधला कोन, एका अंशाच्या आतच येतं, सिंहगडावर ट्रेकला कुणी ते बघत पण नाही. पण बोटीत डिव्हिएशन, म्हणजे बोटीवरच्याच वस्तूंमुळे होकायंत्रात येणारी चूक, असतं ना राव! इंजिन, नांगर, स्पीकर, कुणीतरी होकायंत्राशेजारी ठेवलेला मोबाईल, हे सगळं सुई ओढतं, आणि बोटीचं तोंड फिरलं की ती चूकही बदलते, त्यामुळे एकच आकडा लक्षात ठेवून भागत नाही, वेगवेगळ्या दिशांचा तक्ता करावा लागतो. १ अंश चुकलात तर ६० मैलांवर जवळपास १ मैल बाजूला.

आणि जीपीएस आहेच की, पण बॅटरी गेल्यावर काय ते सांगा.