शॅनडमध्ये सरकारचे लीडर म्हणाले "मंत्र्यांच्या कानावर घालतो", याचा नक्की अर्थ काय धरायचा?

मुग्धा_कॉर्क
नमस्कार मंडळी. आयर्लंडमधल्या जुन्या लोकांना विचारायचंय. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे, अजून जेमतेम सात-आठ शब्द बोलतो, असेसमेंट ऑफ नीडसाठी, म्हणजे मुलाला कुठल्या मदतीची गरज आहे ते ठरवणाऱ्या सरकारी तपासणीसाठी, अर्ज केला त्याला चौदा महिने झाले आणि आमच्या हातात फक्त पोचपावती आहे. परवा रात्री त्याला झोपवून मोबाईलवर शॅनडचं, म्हणजे इथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाचं, कामकाज बघत बसले होते, कारण मैत्रिणीने कळवलं होतं की एका सिनेटर बाईंनी याच उशिराचा विषय काढलाय. त्या खरंच पोटतिडकीने बोलल्या. पण त्यानंतर वीसेक जण उठले, कुणी बसचं, कुणी शेतकऱ्यांचं, कुणी गाझाचं बोललं, आणि शेवटी लीडर उभे राहून एकेकाचं नाव घेऊन सगळ्यांना एकत्रच उत्तर देत गेले. आमच्या विषयाला तीन वाक्यं. सहकारी सदस्यांची काळजी रास्त आहे, मी मंत्र्यांच्या कानावर घालतो, झालं. मला रडूच आलं. हे उत्तर म्हणजे सरकारने काही मान्य केलं असं समजायचं का? आणि आता पुढे मी काय करू?

शशांक_डब्लिन
ताई, आधी एक सांगतो, ते लीडर खोटं बोलत नव्हते, त्यांच्या हातात तेवढंच असतं. तुम्ही बघितलं ती ऑर्डर ऑफ बिझनेस. नावाला ती दिवसाचं कामकाज ठरवायची वेळ, पण वर्षानुवर्षांच्या प्रथेने सिनेटर तिथे कुठलाही विषय काढतात. लीडर म्हणजे टीशॉखनी, म्हणजे पंतप्रधानांनी, शॅनडसाठी नेमलेला माणूस, तो कुठल्याच खात्याचा मंत्री नाही. समोर कागदावर नावं आणि मुद्दे टिपून घेतो आणि सगळ्यांना उत्तर देतो. त्याच्या उत्तराने कुठलंही खातं बांधलं जात नाही.

पण तिथेच एक गोष्ट करता येते जी लोकांच्या लक्षात येत नाही. सिनेटर कामकाजात दुरुस्ती सुचवू शकतो, की आजच मंत्र्यांना सभागृहात बोलवा आणि यावर चर्चा घ्या. मग लीडरला ती मान्य करावी लागते नाहीतर मतदानाला सामोरं जावं लागतं. दुसरा रस्ता कमेन्समेंट मॅटरचा, त्यात एकच विषय, एकच सिनेटर आणि उत्तराला सरकारतर्फे मंत्री किंवा राज्यमंत्री समोर. त्यामुळे त्या बाईंना आजच मेल करा आणि हाच विषय कमेन्समेंटला घ्या म्हणा. बऱ्याचदा दुसऱ्याच खात्याचा राज्यमंत्री येऊन लिहून दिलेलं वाचून दाखवतो आणि सिनेटर चिडतात, ते चिडणं बरोबरच आहे, पण ते वाचलेलं खात्याने लिहून दिलेलं असतं आणि कायमचं रेकॉर्डवर राहतं. तीन वाक्यांपेक्षा ते कितीतरी बरं.

लिमरिकची_आई
मुग्धा, तुझं वाचून माझे दोन वर्षांपूर्वीचे दिवस आठवले गं. शॅनड ठीक आहे, पण तू टीडीकडे जा. टीडी म्हणजे डॉलचा, संसदेच्या खालच्या सभागृहाचा सदस्य, आपला लोकसभेचा खासदार म्हण. मंत्र्यांना लेखी प्रश्न फक्त टीडी विचारू शकतो, सिनेटर नाही. मी शनिवारी सकाळी आमच्या टीडीच्या क्लिनिकला गेले, क्लिनिक म्हणजे दवाखाना नाही, लोकांना भेटायची वेळ. बाहेर सहा-सात जण बसले होते, एक आजोबा पेन्शनचे कागद घेऊन, एक मुलगी घराच्या यादीसाठी. मी सगळी तारीखवार फाईल नेली होती, अर्ज कधी, पोच कधी, फोन कधी केला, कोण काय म्हणालं. दहा मिनिटं मिळाली.

लेखी प्रश्न टाकला गेला आणि चार-पाच दिवसांत मंत्र्यांचं उत्तर वेबसाईटवर आलं. शेवटची ओळ अशी की हा सेवेचा विषय असल्याने थेट उत्तरासाठी आरोग्यसेवेकडे पाठवला आहे. मला वाटलं झालं, परत टोलवलं. पण नंतर टीडीच्या ऑफिसला खरंच पत्र आलं, त्यात माझ्या मुलाचा अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे ते पहिल्यांदा लेखी कळलं. एक मात्र नक्की सांभाळ, मुलाचं नाव प्रश्नात जाऊ देऊ नको, ते सगळं जगजाहीर होतं, टीडीचं ऑफिस तपशील वेगळा पाठवतं.

मालवणचो_झिल
थोडं वेगळं मत मांडतो. तीन वाक्यांचं उत्तर मिळालं म्हणून शॅनडला कमी लेखू नका. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये शॅनड बंदच करायचं सार्वमत झालं होतं, आणि लोकांनी ५१.७ टक्के मतांनी ते ठेवलं. ६० जणांचं सभागृह, त्यातले ११ टीशॉखनी नेमलेले, त्यामुळे सरकारला तिथे सहसा हरायची भीती नसते हे खरं. पण आपल्याकडे औचित्याचा मुद्दा मांडल्यावर शासनाने नोंद घेतली एवढंच ऐकून गप्प बसायची आपल्याला सवय लागलीय, तिथे निदान नाव घेऊन, मुद्दा उच्चारून उत्तर देतात. ते नाव घेणं मला महत्त्वाचं वाटतं. आमच्या मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या माणसाचा मुलगा, लिओ वराडकर, २०१७ मध्ये टीशॉख झाला आणि डॉलमध्ये लीडर्स क्वेश्चन्सना उभा राहून उत्तरं द्यायचा, ते मी इथून गावाकडून बघायचो. विरोधी पक्षाचा नेता आगाऊ न सांगता कुठलाही विषय काढतो आणि सरकारच्या प्रमुखाला तिथल्या तिथे बोलावं लागतं. हे सोपं नाही.

शशांक_डब्लिन
मालवणकर, नाव घेतात हे मान्य, पण या विषयात नुसत्या शब्दांवर विसंबू नये असंच मी म्हणेन. २००५ च्या डिसॅबिलिटी ॲक्टमध्ये आणि त्याखालच्या नियमांत स्पष्ट आहे, अर्ज आल्यापासून तीन महिन्यांत असेसमेंट सुरू आणि त्यापुढच्या तीन महिन्यांत पुरं. म्हणजे सहा महिने. हा कायदा आहे, कुणाची मेहेरबानी नाही. यादी कमी करायला २०२० पासून दीड तासाची छोटी तपासणी सुरू केली होती, २०२२ च्या मार्चमध्ये हायकोर्टाने सांगितलं की ही कायद्यातली असेसमेंट नव्हे, आणि हजारो मुलांचं परत करायची वेळ आली. २०२५ च्या मे महिन्यात टिप्पररीची एक शाळकरी मुलगी, जिच्या दोन भावांना ऑटिझम आहे, ती लेन्स्टर हाऊसबाहेर, म्हणजे संसदेच्या इमारतीबाहेर, ५० तास बसली, रात्रीसुद्धा तिथेच. तेव्हा मुदत उलटलेले अर्ज १५ हजारांच्या आसपास होते. आत विरोधकांनी टीशॉखना याच्यावरच धारेवर धरलं आणि त्यांनी सभागृहात कबूल केलं की आत्ता कायदा पाळला जात नाहीये. तो आकडा आणि ती कबुली ऐकल्यावर "कानावर घालतो" पुरत नाही हो.

ताई, लेखी तक्रारीचाही रस्ता आहे. त्याच कायद्याखाली तक्रार अधिकारी असतो, त्याने मुदत मोडली असं नोंदवून तारीख ठरवून दिली आणि तीही पाळली नाही तर सर्किट कोर्टात जाता येतं. टीडीचं काम चालू असतानाच तक्रार टाका, एकाने दुसरं अडत नाही.

मुग्धा_कॉर्क
सगळ्यांचे मनापासून आभार. एकच शंका, आम्ही अजून भारतीय पासपोर्टवर आहोत, डॉलसाठी मत देता येत नाही, मग टीडी आमचं ऐकेल का?

लिमरिकची_आई
ऐकतो गं. मीही तेव्हा नागरिक नव्हते, मला कुणी पासपोर्ट विचारला नाही, फक्त कुठे राहते ते विचारलं. आणि एका मतदारसंघात तीन ते पाच टीडी असतात, तुझ्या भागातल्या सगळ्यांना लिही, सरकारी पक्षाच्यालाही आणि विरोधातल्यालाही. स्थानिक निवडणुकीत तर आपल्याला मत आहेच, नाव नोंदवलं नसेल तर नोंदव.

मुग्धा_कॉर्क
काल रात्री बसून तारखांचा एक कागद केला, अर्जापासून आजपर्यंत अकरा ओळी झाल्या. पाचही टीडींना आणि त्या सिनेटर बाईंना पाठवला, तक्रारीचा फॉर्म नवरा भरतोय. सकाळी एका ऑफिसमधून फोन आला, शुक्रवारी साडेअकराला बोलावलंय. जाऊन आले की इथे लिहिते.